दादासाहेब फाळके : आधी फोटोग्राफर, मग चित्रपटकार



३० एप्रिलला दादासाहेब फाळके यांची जयंती असते. पण त्या सुमारास निकालपत्रकांची धांदल चालू असते, पोरांचं लक्ष मामाच्या गावाकडे लागलेलं असतं. त्यामुळे हा पाठ वर्गात नीट घ्यायचा राहूनच जातो. म्हणून इथे लिहितेय. फाळके यांनी पहिला चित्रपट कसा काढला ही गोष्ट तुम्ही अनेकदा वाचली असेल. ती मी थोडक्यात उरकणार आहे. मला सांगायचंय ते त्यांच्या आधीच्या धंद्याबद्दल, म्हणजे फोटोग्राफीबद्दल, आणि त्यांच्या नावाचं पुढे काय काय झालं त्याबद्दल.

हे आत्ताच का सुचलं? तर माझ्या वर्गातून चौथी करून गेलेला एक मुलगा आता बारामतीत लग्नाच्या ऑर्डरी घेतो. थंडीत मोकळा वेळ मिळाला की भिगवणला जातो. इंदापूरकरांना सांगायला नको, डिसेंबर उजाडला की कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात आणि पहाटेपासून होड्यांमध्ये लांबच लांब लेन्स घेतलेली माणसं दिसू लागतात. तर या मुलाने आषाढात तुकोबांची पालखी आपल्या भागातून जाताना बेलवाडीच्या रिंगणात धावत्या अश्वाचा एक फोटो काढला. फारच सुंदर फोटो. चार दिवसांत तो एका मोठ्या फ्लेक्सवर लागला. खाली शुभेच्छुकांची बारा नावं होती, फोटो काढणाऱ्याचं तेवढं नव्हतं. पोरगा माझ्याकडे आला, हिरमुसला होता. तक्रार कुठे करायची, असं विचारत होता. मी त्याला चहा दिला आणि फाळक्यांची गोष्ट सांगितली. तीच आता तुम्हाला सांगते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत अध्यापकाची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराजला चित्रकलेचं वेड होतं. १८८५ साली त्याने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतलं. तिथे तैलचित्रं, जलरंग, वास्तुकलेचे नमुने असं जे जे शिकता येईल ते ते तो शिकला. आणि तिथेच त्याच्या हाती कॅमेरा आला.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे आजच्यासारखं बटण दाबलं की झालं, असं नव्हतं बरं का. लाकडी पेटी, तिपाई, काळं कापड आणि आत काचेची प्लेट. काचेवर रसायनाचा थर. प्रकाश पडला की काचेवर उलटी प्रतिमा उमटायची, काळ्याच्या जागी पांढरं आणि पांढऱ्याच्या जागी काळं. हीच निगेटिव्ह. तिच्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघायच्या. म्हणून फोटोग्राफर गिऱ्हाइकाला कागद द्यायचा आणि काच स्वतःच्या कपाटात ठेवायचा. पुढे कायदाही असाच झाला. १९११ चा इंग्रजी कॉपीराइट कायदा १९१४ साली आपल्याकडे लागू झाला. निगेटिव्ह तयार होताना ती ज्याच्या मालकीची, तोच फोटोचा कर्ता, असं त्यात धरलं होतं. ज्याची काच त्याचा फोटो! मोबाइलमध्ये फोटो ठेवणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांना हे गमतीचं वाटेल, पण यातला मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फाळके ब्लॉक बनवायलाही शिकले. ब्लॉक म्हणजे छपाईसाठी फोटोवरून तयार केलेला धातूचा ठसा. मग १८९५ च्या सुमारास त्यांनी धंदेवाईक फोटोग्राफर व्हायचं ठरवलं आणि गुजरातेत गोध्र्याला स्टुडिओ थाटला. तिथे नशिबाने दगा दिला. प्लेगच्या साथीत पत्नी गेली, मूल गेलं. ते बडोद्याला परतले, तिथे पुन्हा धंदा मांडला, तर गावात वेगळीच आवई. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं लोक म्हणायचे. गिऱ्हाईकच येईना. पोट भरायला फाळक्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोगही केले. जादूगार म्हणून त्यांनी घेतलेलं नाव मात्र मला फार आवडतं. प्रोफेसर केळफा! फाळके हे नाव उलटीकडून वाचा बघू. पोरांना हे सांगितलं की पुढचा अर्धा तास वर्गात सगळे आपापली नावं उलटी करत बसतात.

१९०२ साली त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई. त्यांच्याविषयी पुढे सांगायचंच आहे.

१९०३ मध्ये फाळक्यांना सरकारच्या पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. काम जुन्या वास्तूंचं, पगार नियमित. पण नोकरीत काढलेला फोटो फोटोग्राफरचा नसतो, तो खात्याचा असतो. आजचा कायदाही तेच म्हणतो : तुम्ही कुणाकडे पगारावर असाल आणि नोकरीचा भाग म्हणून फोटो काढलात, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तुमचा मालकच. बारामतीतल्या एखाद्या स्टुडिओत महिन्याच्या पगारावर लागलेल्या मुलाने हे पहिल्याच दिवशी माहीत करून घ्यावं. नंतर भांडून उपयोग नसतो.

वंगभंगाच्या चळवळीत देशभर स्वदेशीचं वारं आलं आणि फाळक्यांनी ती सरकारी नोकरी सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला. नाव ठेवलं फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स. जवळच मळवलीला राजा रविवर्मांनी सुरू केलेला चित्रांचा छापखाना होता, तिथलंही काम ते करत. तुमच्या आजीच्या देवघरात लक्ष्मीचं किंवा सरस्वतीचं जुनं चित्र असेल तर काढून बघा. खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव सापडेल. चित्रकार कळतो, छापखाना कळतो. पण रंगांचे ठसे ज्यांनी तयार केले, त्या कारागिरांची नावं चित्रावर घालायची रीत नव्हती. फाळक्यांची त्या वर्षांतली कितीतरी मेहनत अशी घराघराच्या भिंतींवर लागली, आणि कुणाला कळलंही नाही.

आता खरी गोष्ट सुरू होते.

धंदा वाढला, छापखाना मुंबईत दादरला आला. भांडवल हवं होतं म्हणून नवे भागीदार आले, आणि छापखान्याचं नाव बदलून लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं. पाटीवरचं फाळके हे नाव गेलं. तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं असेल का, कोण जाणे. ते १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला गेले. यंत्रं आली, कामाचा दर्जा वाढला, नाव झालं. आणि मग भागीदारांशी बिनसलं. फाळके स्वाभिमानी, थोडे हट्टीसुद्धा. ते बाहेर पडले, आणि निघताना पैशाचा काहीही लाभ न घेता निघाले. यंत्रं तिथेच, गिऱ्हाइकं तिथेच, धंद्याचं नावही तिथेच. चाळिशीतला माणूस, घरात बायको-मुलं, आणि हातात काय? तर फक्त हातातली कला.

हे मी माझ्या माजी विद्यार्थ्याला सांगत होते तेव्हा त्याने मान खाली घातली. नंतर कळलं, तो आणि त्याचा एक मित्र भागीदारीत ड्रोन घेणार होते, आणि कागद काहीच केलेला नव्हता. दोस्तीत कसला कागद, असं त्यांचं चाललं होतं.

छापखाना सुटल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत, १९११ च्या सुमारास, फाळक्यांनी मुंबईच्या एका तंबूवजा थिएटरात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि असेच आपले राम-कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत, हे त्यांच्या डोक्यात बसलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि अभ्यास करून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासंच झालं. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा घेऊन आले. पैसे लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या रोपाची वाढ दाखवणारी छोटी फिल्म केली. आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरमध्ये राजा हरिश्चंद्र लागला. ३७०० फूट लांबीचा, चार रिळांचा.

इथे एक वाद आहे, तो लपवू नये. त्याच्या वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, त्याच कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा श्री पुंडलिक दाखवला गेला होता. मग पहिला भारतीय चित्रपट कुणाचा? श्री पुंडलिक हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा चालवणारा माणूस इंग्रज होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली होती, म्हणून बहुतेक अभ्यासक मान फाळक्यांना देतात. तोरण्यांची बाजू मांडणारेही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण गंमत बघा. शंभर वर्षांनी वाद आला तो कशावर? कॅमेरा कुणी धरला, निगेटिव्ह कुठे धुतली, तारीख कोणती, यावर.

फाळक्यांनी मात्र या बाबतीत एक शहाणपण केलं होतं. मागे छापखान्यात पोळले होते म्हणून असेल किंवा स्वभावच तसा म्हणून असेल, पण त्यांनी आपल्या कामाचा पुरावा स्वतः तयार करून ठेवला. कंपनीला पुन्हा आपलं नाव दिलं, फाळके फिल्म्स. १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी एक छोटी फिल्म केली आणि त्यात स्वतः काम करताना दिसले. त्याच सुमारास नवयुग मासिकात लेख लिहून आपण हे सगळं कसं उभं केलं ते मराठीत मांडलं. म्हणून आज आपल्याला त्यांचं काम फक्त ऐकीव गोष्टींतून कळतं असं नाही, त्यांच्याच फिल्मवरून आणि लेखणीवरून कळतं.

आजच्या फोटोग्राफरची काच म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाईल, ज्याला तुम्ही रॉ म्हणता. ती गिऱ्हाइकाला देऊन मोकळं व्हायचं नाही, दोन ठिकाणी जपून ठेवायची. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये कॉपीराइटसाठी जागा असते, तिथे नाव टाकून ठेवलं की ते प्रत्येक फाईलच्या पोटात जातं. तारीख-वेळ बरोबर आहे ना, तेही बघा. एक घोळ असा की व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही आतली माहिती सहसा गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. म्हणून फिरणाऱ्या प्रतीवर कोपऱ्यात दिसेल असं नावही हवं, आणि ती प्रत लहान आकाराची असावी, फ्लेक्सवर ताणली तर फाटेल अशी.

कायद्याचं म्हणाल तर आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. फोटो काढला त्या क्षणी हक्क जन्माला येतो, नोंदणी सक्तीची नाही. रिंगणातला तो फोटो मुलाने स्वतःहून काढला होता, कुणी पैसे देऊन सांगितलं नव्हतं. त्यामुळे कर्ताही तोच आणि मालकही तोच. त्याला फ्लेक्सवाल्यांना लेखी पत्र देऊन हक्क सांगता येतो, आणि वेळ पडली तर कोर्टातही जाता येतं. पण लग्नाचं तसं नाही! हे ऐकून तो खुर्चीतून उठलाच. लग्नाचे फोटो कुणीतरी पैसे देऊन काढून घेतं, आणि तसा काही करार झालेला नसेल तर त्या फोटोंचा पहिला मालक गिऱ्हाईक ठरतो. म्हणजे नवरीचा फोटो आपल्या दुकानाच्या जाहिरातीत न विचारता लावणारा फोटोग्राफरच चुकतो. तेव्हा ॲडव्हान्स घेताना जे कोटेशन देता, त्यावर दोन ओळी वाढवा. हे फोटो मी कुठे वापरू शकतो, आणि ते छापताना माझं नाव घालायचं. खाली दोघांच्या सह्या. मालकी गिऱ्हाइकाकडे गेली तरी हा फोटो मी काढला असं सांगण्याचा हक्क फोटोग्राफरकडेच राहतो, कायद्याच्या ५७ व्या कलमाने. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर मालकाच्या परवानगीशिवाय फाईलमधली नावाची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हाही गुन्हा आहे.

एखाद्या मासिकाला किंवा कंपनीला हक्क लिहून देणार असाल तर किती वर्षांसाठी आणि कुठे वापरायला, तेही कागदावर आणा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत.

फाळक्यांच्या वेळी असा कायदा नव्हता, पण सही तेव्हाही सहीच होती. लंकादहन खूप चालला, पैसे लावणारे आपणहून येऊ लागले. १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांबरोबर नवी कंपनी निघाली, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी. फाळके तिच्यात कामकरी भागीदार झाले. आणि पुन्हा एकदा पाटीवरचं फाळके हे नाव गेलं. दुसऱ्यांदा! श्रीकृष्ण जन्म, कालिया मर्दन हे गाजलेले चित्रपट या कंपनीचे. कालिया मर्दनमध्ये त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. मुलगी घरची, कृष्णाची कल्पना घरची, पण चित्रपट कंपनीचा. खर्चावरून, कामाच्या पद्धतीवरून भागीदारांशी खटके उडू लागले. फाळके वैतागून काशीला निघून गेले, तिथे रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं. काही वर्षांनी त्याच कंपनीत परतले. जी कंपनी मुळात त्यांच्या फाळके फिल्म्समधून उभी राहिली होती, तिथे आता ते इतरांच्या हिशोबाने काम करत होते.

माझं मत विचाराल तर यात सगळा दोष भागीदारांचा नाही. त्यांनी पैसा घातला होता आणि हिशोब मागणं हा त्यांचा हक्कच होता. फाळक्यांना हिशोबाचा कंटाळा होता. काम चांगलं करायचं, बाकीचं बघू, असा तो स्वभाव. आपल्याकडच्या कितीतरी हुशार पोरांचा तोच आहे.

आता सरस्वतीबाई. विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं नसायची, ती अंधारात बसून पाडावी लागत. ते काम त्या करायच्या. रसायनं कालवायच्या, फिल्म धुवायला मदत करायच्या, दागिने पुढे करायच्या, आणि कंपनीच्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच माथी. राजा हरिश्चंद्रचे कॅमेरामन म्हणून त्र्यंबक तेलंग यांचं नाव पुस्तकांत मिळतं, ते बरंच आहे. सरस्वतीबाईंचं नाव मात्र फाळक्यांची पत्नी म्हणूनच येतं. स्वतःच्या नावासाठी इतका जळणारा माणूस, पण घरातलं काम त्याच्याही नजरेतून निसटलंच ना? लग्नाच्या मोसमात दिवसाच्या बोलीवर दुसरा कॅमेरामन नेणाऱ्या, रात्रभर अल्बमचं एडिटिंग करून घेणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. त्या मुलाच्या अल्बमच्या शेवटच्या पानावर आता तिघांची नावं असतात. तिसरं नाव त्याच्या बहिणीचं, ती रंग दुरुस्त करते.

मूकपटांचा जमाना सरला, बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १९३७ मध्ये कोल्हापुरात त्यांनी गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. पंचवीस वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांच्या नावाने देशाचा चित्रपटातला सर्वोच्च पुरस्कार सुरू झाला. दोनदा पाटीवरून पुसलं गेलेलं नाव असं परत आलं. चित्रपट मात्र बहुतेक गेले. जवळपास शंभर चित्रपटांपैकी थोड्यांचेच काही तुकडे उरलेत. राजा हरिश्चंद्रचा जो भाग आज बघायला मिळतो तोही १९१७ साली पुन्हा चित्रित केलेला असावा, असं अभ्यासकांना वाटतं. ती रिळं आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपली आहेत. कॉपीराइटची मुदत कधीच संपली, त्यामुळे आता ती वर्गातही बिनधास्त दाखवता येतात. यंदा मी दाखवली. सालुंके नावाचे पुरुष नट तारामती झालेत हे कळल्यावर मुलं जी हसली, ती थांबेचनात.

त्या दिवशी फळ्याशेजारी लावायला मी फाळक्यांचा तो प्रसिद्ध फोटो छापून आणला होता. खुर्चीत बसलेत, दोन्ही हातांत फिल्मची पट्टी धरलीय आणि ती निरखून बघतायत. तुम्हीही तो पुस्तकात, पोस्टरवर, मोबाइलवर शंभरदा पाहिला असेल. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, बाई, हा फोटो कुणी काढला? मी घरी येऊन माझ्याकडची सगळी पुस्तकं उघडली. फोटो त्यातल्या चार पुस्तकांत होता. चारही ठिकाणी खाली फक्त दादासाहेब फाळके एवढंच छापलेलं.